शेळीसारखं बघत चित्र काढायची टोपी केलीय, पण दोन डोळ्यांचं आपसात जमत नाही. काय करू?

माणदेशी_फळा

नमस्कार मंडळी. मी माण तालुक्यात एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. प्रश्न जरा वेडगळ आहे, पण या गटावर भिंगं-आरसे जाणणारी माणसं आहेत म्हणून धाडस करतो.

सुरुवात अशी झाली. आमच्याकडे पाऊस पडला तर ती बातमी असते. तरीही एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला बसणारी पोरं स्मरणचित्रात दर वर्षी तेच काढतात: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, नदीत होडी, काठावर नारळ. यातल्या निम्म्यांनी होडी पाहिलेली नाही. मी रागावलो, मग होड्या गेल्या. डोंगर आणि मधला सूर्य काही जाईना. कागद आडवा धरला की मध्यावर काहीतरी ठेवायचं आणि दोन्ही बाजूंना राखण बसवायची, हे त्यांच्या हातातच बसलंय.

घरी आईच्या चार शेळ्या आहेत. त्यातली ठमी माझ्याकडे तोंड करून पाला खात असते आणि माझ्या पाठीमागून कुत्रं आलं की माझ्याआधी तिला कळतं, हे ठीक. पण तिच्या शेपटीकडून आलं तरी कळतं! वाचल्यावर समजलं की तिचे डोळे बाजूला असल्यामुळे तिला भोवतालचा ३०० अंशांहून जास्त पट्टा एकदम दिसतो. म्हणजे ठमीनं चित्र काढलं तर त्यात मधला सूर्य येणारच नाही. तिथून हे खूळ डोक्यात शिरलं.

केलंय ते असं. जुनं अर्धं हेल्मेट, त्याला पुढे अॅल्युमिनियमची पट्टी, पट्टीवर प्रत्येक डोळ्यासमोर एक आरसा ४५ अंशात. आरसे तसबिरींच्या दुकानातून ६ बाय ८ सेंटिमीटरचे कापून आणले. डाव्या डोळ्याला फक्त डावीकडचं दिसतं, उजव्याला उजवीकडचं. जत्रेत शेंगदाणेवाला गळ्यात ट्रे अडकवतो तशी पाटी गळ्यात, तिच्यावर कागद, दोन हातांत दोन पेन्सिली.

आता रडगाणं. शाळेच्या आवारात बसलो की डावीकडे भिंत आणि उजवीकडे लिंब आहे. मला वाटलं दोन्ही शेजारी-शेजारी दिसतील. तसं होत नाही. क्षणभर भिंत दिसते, मग आपोआप लिंब, मग पुन्हा भिंत. मी ठरवून काही होत नाही. मधेच भिंतीच्या अंगावर लिंबाची फांदी उगवते आणि विरते. दहा मिनिटांत डोकं ठणकायला लागतं. शिवाय सगळं उलटं, एसटीची पाटीसुद्धा वाचता येत नाही. आणि सर्वांत विचित्र म्हणजे कागदाकडे बघायला मान खाली घातली की जग कलंडतं. भिंत एका अंगाला, लिंब दुसऱ्या अंगाला, जणू दोघं रुसलेत. हेल्मेट नाकावर घसरतं ते वेगळंच. ६४० ग्रॅम भरलं काट्यावर.

बॅटरी, पडदे, कॅमेरे नकोत. पोरांना उघडून बघता आलं पाहिजे.

निवांत_कट्टा

सर, एवढा उपद्व्याप कशाला? पोरांना सांगा, मान डावीकडे वळवून एक चित्र काढा, उजवीकडे वळवून दुसरं. दोन कागद चिकटवा. झालं.

माणदेशी_फळा

केलं होतं. मान वळवली की जे बाजूला होतं ते समोर येतं, आणि समोर आलं की पोरगं त्याच्या मधोमध सूर्य काढतं. दोन कागद, दोन सूर्य.

चष्मेवाली_ताई

सर, मी डोळे तपासते, सोलापूरला. तुमच्या पहिल्या तक्रारीत तुमच्या यंत्राचा दोष नाही, तुमचा मेंदू ठणठणीत असल्याची ती खूण आहे.

माणसाचे दोन्ही डोळे जवळजवळ एकच देखावा बघतात आणि मेंदू त्या दोघांचं एक चित्र शिवतो. दोघांना अगदीच वेगळी चित्रं दिली तर शिवता येत नाहीत. मग तो आळीपाळीनं एकाला बोलू देतो आणि दुसऱ्याला दाबतो. काही सेकंदांनी पाळी बदलते आणि ती आपल्या हातात नसते. इंग्रज शास्त्रज्ञ व्हीटस्टननं १८३८ मध्ये त्याच्या स्टिरिओस्कोपवर, म्हणजे दोन डोळ्यांना वेगवेगळी चित्रं दाखवायच्या यंत्रावर, एका डोळ्याला एक अक्षर आणि दुसऱ्याला दुसरं दाखवून हेच नोंदवलं होतं. तुमची ती भिंतीवर उगवणारी फांदी म्हणजे पाळी बदलतानाचा गोंधळ.

ठमीचं असं होत नाही, कारण तिची बांधणीच निराळी. आपल्या प्रत्येक डोळ्यातले साधारण निम्मे तंतू मेंदूच्या पलीकडच्या बाजूला जातात आणि निम्मे अलीकडेच राहतात. शेळी-घोड्यांत बहुतेक सगळे पलीकडे जातात. तिचे दोन पट्टे समोर थोडेसेच एकमेकांवर चढतात, बाकी ज्याचं त्याचं. आरसे लावून तुम्ही तिचे डोळे घेतलेत, तिचा मेंदू कुठून आणणार?

म्हणून माझा सल्ला: दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी दाखवण्याचा हट्ट सोडा. एका वेळी एकच डोळा उघडा ठेवा. सरडगुहिरा बघितलाय ना, जो रंग बदलतो तो? त्याचे डोळे दोन स्वतंत्र बुरुजांसारखे फिरतात, एक इकडे, एक तिकडे. तुमच्या टोपीला शेळीपेक्षा तो जवळचा.

आणि हे चेष्टेत घेऊ नका. मुलांना बसवूनच वापरायला द्या, चालू देऊ नका, एका वेळी पाच-सात मिनिटं पुरे. आरसा चुकूनही सूर्याकडे जाता कामा नये. ज्या मुलाचा डोळा तिरळा आहे किंवा एक डोळा कमजोर आहे त्याला आधी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घालू नका.

बुधवारातला_सोल्डर

सर हे भारी आहे!! पण तुम्ही चुकीचा प्राणी घेतलाय. बेडूक घ्या. १९५९ चा लेटविन, मॅतुराना, मॅककलॉक आणि पिट्स यांचा निबंध आहे, बेडकाचा डोळा बेडकाच्या मेंदूला काय सांगतो यावर. बेडकाच्या डोळ्यातूनच अशा दोऱ्या निघतात ज्या फक्त हलणाऱ्या बारीक काळ्या ठिपक्याला बोलतात. भोवती मेलेल्या माश्यांचा ढीग असला तरी तो उपाशी मरेल, कारण त्या हलत नाहीत.

आज इव्हेंट कॅमेरे याच चालीवर चालतात. अख्खा फोटो पाठवतच नाहीत, ज्या ठिपक्यावर उजेड बदलला तेवढ्याचीच खबर. ते महाग आहेत, पण जुन्या मोबाइलवर आधीच्या फ्रेममधून नंतरची वजा केली की साधारण तसंच दिसतं. टोपीला मोबाइल बांधा, समोर छोटी स्क्रीन, पोरं फक्त हलणारं गिरवतील. तापकीर गल्लीत सगळं मिळतं, मी यादी देतो. बॅटरी नको म्हणालात ते वाचलं, तरी एकदा विचार करा ना सर.

माणदेशी_फळा

ताई, जीव भांड्यात पडला. मला वाटलं चाळिशी ओलांडली म्हणून डोळे गेले.

सोल्डर, तुझा बेडूक आवडला, मोबाइल नको. त्याच्या स्क्रीनवर गिरवायचं म्हटलं की पोरगं स्क्रीनकडे बघतं, आवार विसरतं. पण तुझ्या लिहिण्यावरून काल नववीच्या तासाला एक खेळ घेतला. खिडकीबाहेर बघा आणि जे हलतं तेवढंच काढा, स्थिर असेल ते कागदावर नको. अर्धा तास वर्गात चिटपाखरू नाही. एकानं फक्त दोरीवरचा वाळत घातलेला टॉवेल काढला, नऊ वेळा, एकावर एक. दोरी नाही, खांब नाही. डोंगर तर कुणाच्याच कागदावर नव्हते. डोंगर कुठे हलतात!

यंत्र न करताच निम्मं काम झालं म्हणायचं. पण टोपीची खाज गेलेली नाही.

शेळ्यामेंढ्यांचा_डॉक्टर

सर, तुमची जग कलंडण्याची तक्रार ही शेळीचीच तक्रार आहे, आणि शेळीनं ती सोडवलीय.

शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडव्या फटीसारखी असते हे तुम्ही पाहिलंच असेल. ती आडवी असल्यामुळे पुढून-मागून जमिनीलगतचा उजेड भरपूर आत येतो आणि वरून सूर्याचा कमी. पण चरताना ती मान खाली घालते. डोकं खाली झुकलं की बाजूला बघणाऱ्या डोळ्यातली फट उभी व्हायला हवी, बरोबर? तशी होत नाही. ती डोळाच खोबणीत फिरवते, ५० अंश किंवा त्याहून जास्त, दोन्ही डोळे एकमेकांच्या उलट दिशेनं. फट जमिनीला समांतर राहते. मार्टिन बँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये २१४ प्रकारच्या जमिनीवरच्या प्राण्यांच्या बाहुल्यांचे आकार तपासले, त्यात शेळ्या-मेंढ्या-घोड्यांचं हे फिरवणं दाखवलं.

तुमचे आरसे बाजूला बघतात, त्यामुळे मान झुकली की तुमचंही तेच होतं. फक्त तुमचा डोळा खोबणीत ५० अंश फिरत नाही, थोडाफारच फिरतो. म्हणून भिंत आणि लिंब उलट-उलट कलतात.

विश्वास नसेल तर ठमीला पेंड द्या आणि शेजारी बसून बघा.

माणदेशी_फळा

बघितलं! पाटीत पेंड ठेवली, बाजूनं मोबाइल धरला. मान वर, फट आडवी. तोंड पाटीत, फट तरी आडवीच. चाळीस वर्षं शेळ्यांत वावरलो आणि हे बघितलं नव्हतं. आईला दाखवलं तर म्हणाली, "मग तिनं काय वाकडं बघायचं व्हय?"

सह्यकडा

मान झुकवूच नका मग. आम्ही प्रस्तरारोहण करताना खाली दोर सांभाळणारा तासन्‌तास वर बघत असतो, मान जाते. त्यासाठी लोलकाचे चष्मे येतात, मान न उचलता नजर वर वळवतात. पलंगावर आडवं पडून पुस्तक वाचायला जे स्वस्त चष्मे विकतात त्यांचंही तत्त्व तेच. तो चष्मा बसून घातला तर समोर बघत असताना मांडी दिसते. मान ताठ, कागद डोळ्यात.

साखळीवाले_काका

फळासाहेब, मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीवर होतो, आता निवृत्त. तुम्ही जे बनवताय ते आमच्या पिशवीत पन्नास वर्षांपूर्वीच होतं, फक्त आम्ही त्यातून शेळी बघितली नाही.

त्याला ऑप्टिकल स्क्वेअर म्हणतात. पितळेची गोल डबी, साधारण ५ सेंटिमीटर व्यासाची, जाडी बोटभर. साखळी टाकलेल्या रेषेवर चालायचं आणि बांधाचा दगड रेषेशी नेमका काटकोनात कुठे येतो ते डबीतून बघायचं. आत दोन आरसे, एकमेकांशी ४५ अंशात. लक्षात घ्या, ४५ अंश डोळ्याशी नाहीत, आरशांचे आपसात. उजेड दोन्ही आरशांवरून उसळी घेऊन येतो, तेव्हा त्याची दिशा बरोबर ९० अंशांनी बदलते.

याचे तुम्हाला दोन फायदे. एक, दोनदा उलटल्यामुळे सुलटं होतं, एसटीची पाटी वाचता येईल. दुसरा फायदा मोठा. तुमचा एकेरी आरसा एक अंश हलला की चित्र दोन अंश पळतं. डोक्यावरचं हेल्मेट तर श्वासागणिक हलणार. जोडआरशाची डबी हातात थोडी फिरली तरी काटकोन काटकोनच राहतो. भर उन्हात, घामेजल्या हातांनी आम्ही बांध मोजले ते त्याच्या जोरावर.

आणि त्यातला डोळ्यासमोरचा आरसा अर्धाच कलई केलेला असतो. कलईच्या भागात बाजूचा दगड दिसतो, उरलेल्या साध्या काचेतून समोरची काठी. दोन्ही एकावर एक आली की तिथे खूण करायची. तुम्हीही खालचा भाग मोकळा सोडा, तिथून कागद बघा.

मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांत साधारण ६ सेंटिमीटरच्या वर अंतर असतं, पोरांत थोडं कमी. ५ सेंटिमीटरच्या दोन डब्या शेजारी बसतात, पण जेमतेम. डाव्या-उजव्या तोंडाकडे नीट लक्ष द्या, नाहीतर दोन्ही डब्या एकाच बाजूला बघतील. माझ्या हाताखालच्या एका पोरानं अख्खा दिवस उलट्या डबीनं मोजणी केली होती.

आरसे तसबिरींच्या दुकानातले वापरू नका. त्यांची कलई काचेच्या पाठीमागे असते, त्यामुळे काचेच्या पुढच्या अंगावरून एक फिकट भूत उमटतं. दोन आरशांत भुतं वाढतात. बंद पडलेला स्कॅनर मिळवा, त्यात कलई पुढच्या अंगाला असलेल्या लांबट आरशांच्या पट्ट्या निघतात. बोट लावू नका, ठसा जात नाही.

जहांगीरची_पायरी

मध्येच बोलते, क्षमस्व. डोक्यावर घालायच्या चित्रयंत्राची गोष्ट निघाली आहे म्हणून. जर्मन कलावंत रेबेका हॉर्न यांनी १९७२ मध्ये चेहऱ्यावर पट्ट्यांची जाळी बांधली, पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे पेन्सिली बसवल्या आणि भिंतीसमोर उभं राहून डोकं डावी-उजवीकडे हलवत रेघा मारल्या. तिथे डोळ्याला कामच नाही, चेहराच हात झाला. तुमच्यात उलटं आहे, हात नेहमीचा आणि डोळा परका. सर, तुम्हाला पोरांनी नवं काही *बघायला* हवंय की नवं काही *काढायला* हवंय? दोन्ही एकाच टोपीत कोंबताय म्हणून ती ६४० ग्रॅमची झालीय असं मला वाटतं.

आणि एक. हॉर्न यांची फुप्फुसं तरुणपणी निकामी व्हायची वेळ आली होती, मास्क न लावता काचतंतूंत काम केल्यामुळे. तुम्ही हेल्मेट कापताय-घासताय, फायबरचं असेल तर नाक-तोंड बांधून, ओलं करून घासा. वर्गात तर मुळीच नको.

माणदेशी_फळा

पायरीताई, हेल्मेट फायबरचंच होतं आणि मी ते ओसरीत बसून घासलं होतं, उपरणंसुद्धा न बांधता. वाचून लगेच उठून ओसरी धुतली. आता हेल्मेटच काढून टाकलं.

तुमच्या प्रश्नावर दोन दिवस घालवले. उत्तर: काढायला. बघणं हे फक्त निमित्त. म्हणून दोन पेन्सिलींपैकी एक गेली, हेल्मेट गेलं, आणि यंत्र बारकं झालं.

आजची अवस्था सांगतो. शेजारच्या गावात झेरॉक्सवाल्याकडे मेलेला स्कॅनर मिळाला. त्यातल्या पट्ट्या काचकाम करणाऱ्याकडून कापून घेतल्या आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या दोन डब्या केल्या, डावी-उजवी. आपसातला कोन बसवायला कंपासपेटीतला ४५ चा गुण्या आत घालून चिकटवलं. एसटीची पाटी वाचता आली, "म्हसवड" सुलट! डब्यांचा खालचा भाग मोकळा आहे, तिथे पलंगावरचा चष्मा उलटा-सुलटा करून बसवायचा प्रयत्न केला, वजन वाढलं म्हणून सोडला. त्याऐवजी पाटीच उचलली. दोरी आखूड केली, पाटी छातीशी उभी, मान ताठ. जग कलंडायचं थांबलं.

डोक्यावर हेल्मेटऐवजी चुंबळ. ही कल्पना आईची. हंडा ज्याच्यावर बसतो त्याच्यावर तुझं खेळणं बसंल की, म्हणाली. चुंबळीला पट्टी शिवली, मागच्या बाजूला वजनाला वाळूची पुरचुंडी. आता सगळं मिळून २९० ग्रॅम.

आणि दोन डोळ्यांच्या भांडणावर तोडगा: ओळंबा. गवंड्याचा छोटा ओळंबा कपाळाच्या मध्यावरून टांगला आणि त्याच्या दोरीला काळ्या पुठ्ठ्याचा रुंद पडदा लावला, एवढा रुंद की मान सरळ असताना दोन्ही डब्या झाकल्या जातात. मान डाव्या खांद्याकडे कलवली की ओळंबा डावीकडे जातो, पडदा डाव्या डबीवर सरकतो आणि उजवी उघडते. म्हणजे डावीकडे कललं की उजवीकडचं दिसतं. मला वाटलं होतं उलटं होईल, कागदावर आकृती काढूनसुद्धा चुकलो होतो. दुरुस्त करणार होतो, पोरांनी करू दिलं नाही. त्यांना तेच आवडलं.

मान सरळ असेल तर काहीच दिसत नाही, फक्त खालून कागद. ताई, घोड्याला म्हणे कपाळाच्या अगदी पुढचं दिसत नाही. तेवढं तरी जनावराचं राहिलं.

एका वेळी पाच मिनिटं, बाकावर बसून, लिंबाच्या सावलीत. मागच्या गुरुवारी अकरा जणांनी घातली. नववीतल्या एका मुलीनं कागदाच्या डाव्या टोकाला भिंत काढली, पार उडालेल्या गिलाव्यासकट. उजव्या टोकाला लिंबाचं खोड. मध्ये चार बोटं कोरा कागद. मी विचारलं, इथं काय आहे? म्हणाली, "तिथं पडदा आला सर."

एका बहाद्दरानं मात्र त्या कोऱ्या जागेत सूर्य काढला.

बुधवारातला_सोल्डर

सर तो पोरगा मला द्या 😄

चष्मेवाली_ताई

पडदा अगदी कट्‌कन सरकतो की हळू झुलतो? झुलत असेल तर दोन्ही डोळे भराभर आळीपाळीनं उघडत-झाकत असतील आणि पुन्हा तेच भांडण. मुलांना विचारा, डोकं दुखतं का.

माणदेशी_फळा

झुलतो. दोघांनी कपाळ दुखतं म्हटलं. पडदा आणखी बोटभर रुंद केला तर मधला काळोख वाढेल आणि मान जास्त कलवावी लागेल. ओळंबा तेलात बुडवून झुलणं कमी करावं असं डोक्यात आहे, पण डोक्यावर तेलाची वाटी घेऊन पोरं बसवायची म्हणजे हेडमास्तर मलाच पडद्याआड करतील.

साखळीवाले_काका

तेल नको. पडद्याच्या खालच्या कडेला लोकरीची झालर लावा, डबीवर हलकी घासत राहील अशी. झुलणं दोन हेलकाव्यांत थांबेल. माणात लोकर शोधावी लागणार नाही.

माझी जुनी डबी कपाटात पडून आहे. एक आरसा टिचलाय, पण कोन अजून खरा आहे. निरोपात पत्ता टाका, पोस्टानं पाठवतो. पोरांना उघडून बघू द्या, फक्त स्क्रू हरवू नका, ते आता मिळत नाहीत.